डब्याची वाट

आमचं गाव ढोकी आणि तेर यांच्या मधलं. तेरणेच्या खोऱ्यातलं काळं रान. उभं राहून बघितलं तर चारी बाजूंनी सपाट, मधी कुठं एखादं लिंबाचं झाड, नाहीतर विहिरीवरची खोली. आमच्याकडं चढ म्हणजे नदीतून वर येताना लागतो तेवढाच. त्यामुळं सायकल हे वाहन आमच्या रानासाठीच काढलं असावं, असं मला लहानपणी वाटायचं. पाचवीला असताना वडलांच्या चोवीस इंची सायकलीत मधून पाय घालून हाप पायंडल शिकलो आणि दहावीपर्यंत तेरच्या शाळेला तिच्यावरच गेलो. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात अशी बसायची, की सायकलीनं मला न्यायच्या ऐवजी मीच तिला खांद्यावर न्यायचो. १९७५ साली बोर्डाची दहावीची पहिली परीक्षा झाली, त्या तुकडीतला मी. त्यानंतर शाळा सुटली, सायकल सुटली नाही. वडलांची सायकल ॲटलासची होती. २०२० साली जून महिन्यात, नेमक्या सायकल दिनाच्या दिवशी, त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडल्याची बातमी पेपरात वाचली तेव्हा मी गोठ्यात जाऊन तिच्या चेनला तेल घातलं. दुसरं काय करणार?

पण चढावरची सायकल मला पासष्टाव्या वर्षी शिकावी लागली, आणि ती पुण्यात.

गेल्या साली पोळा झाला, सोयाबीन काढायला आलं, आणि त्या धांदलीत आमच्या कारभारणीला लकवा मारला. सकाळी शेळीची धार काढत होती. हातातून तांब्या सुटला, आणि तो सुटला हे तिला कळलंच नाही. ती तशीच रिकाम्या हातानं बसून राहिली. पुतण्यानं जीप काढली, सोलापूर गाठलं. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. बोलणं गेलं म्हणजे मुकी झाली असं नाही. एक शब्द राहिला होता. "हाय की." पाणी पाहिजे का, तर हाय की. दुखतंय का, तर हाय की. तुझं नाव काय, तर हाय की. डोळ्यांत सगळं कळायचं. तोंडातून दुसरंच काहीतरी निघतंय हेही तिला कळायचं, आणि त्याचाच तिला राग यायचा.

मुलगा पुण्याला बावधनला राहतो. तो म्हणाला, इकडं पाषाणच्या बाजूला लकव्याच्या माणसांना पुन्हा उभं करायचं केंद्र आहे, तिथं दोन महिने ठेवू. दसरा झाल्यावर तिला तिथं दाखल केलं आणि मी मुलाच्या सहाव्या मजल्यावर राहायला गेलो. रान भावाच्या हवाली केलं. सोयाबीन निम्मं काढून पडलेलं, निम्मं उभं. ज्वारीची पेरणी व्हायची. पण ते राहू द्या.

केंद्रात जेवण होतं आणि चांगलं होतं. मऊ खिचडी, लापशी, दलिया. ती तोंड फिरवायची. साठ वर्षं ज्वारीची भाकरी खाल्लेल्या बाईला दलिया म्हणजे आजारपणाची आठवण. मी तिथल्या डॉक्टर बाईंना विचारलं, भाकरी चालेल का? त्यांनी नीट समजावून सांगितलं. लकव्यात गिळायची ताकद कमी होते, घास चुकीच्या नळीत गेला तर छातीत पाणी होतं. म्हणून भाकरी द्यायची तर ताजी, मऊ, पातळ वरणात कुस्करून; सरळ बसवून, लहान घास, घाई नाही. गार झालेली भाकरी चिवट होते, तिचे तुकडे राहतात, ती नको. जेवायची वेळ साडेबाराची.

आता हिशोब असा झाला. घरी स्वयंपाकाच्या मावशी अकरा वाजता यायच्या. बाकीचा स्वयंपाक करून शेवटी दोन भाकरी थापायच्या. भाकरी तव्यावरून उतरली की फडक्यात गुंडाळून डब्यात, आणि बारा वाजता मी खाली. अर्ध्या तासात डबा तिच्यापुढं उघडला पाहिजे. मुलगा आणि सूनबाई दोघं कामावर. मुलानं फोनवरून रिक्षा मागवायची सोय करून दिली होती. पण रोज जायचं-यायचं, दोन महिने; आणि रिक्षा कधी पाच मिनिटांत यायची, कधी वीस मिनिटांत. दुसऱ्याच्या वेळेवर भाकरी ऊन राहत नाही.

खाली पार्किंगमध्ये नातवाची गिअरची सायकल होती. तो बारावीच्या क्लासला लागल्यापासून ती धूळ खात पडलेली. दोन्ही टायर बसलेले. मी हवा भरली, चेन रॉकेलनं धुतली असती, पण पुण्यात रॉकेल कुठं मिळणार? मग जुन्या ब्रशनं घासून तेल दिलं. गिअरचं गणित नातवानं दाखवलं. पुढचं लहान चक्र आणि मागचं मोठं लावलं की पायाला हलकं जातं, पण पाय जास्त फिरवावे लागतात. मला ते लगेच कळलं. आमच्याकडं भरलेली गाडी घाटाला लागली की पुढं आणखी एक जोडी जुंपायचे. गाडी हळू जायची पण अडायची नाही. इथं तीच दुसरी जोडी चक्रात बसवली आहे.

सायकल झाली. आता रस्ता.

पुण्याला मी पहिल्यांदा १९७९ साली आलो होतो, पाणी उपसायच्या इंजिनाचे सुटे भाग न्यायला. खडकीला दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली आणि गेटातून सायकलींचा लोंढा बाहेर पडला, तो मी तोंड उघडं ठेवून बघितला. जत्रेत माणसं असतात तशा सायकली. पुणं म्हणजे सायकलींचं शहर असं तेव्हा म्हणायचे, ते खोटं नव्हतं. पण ते पुणं नदीकाठचं, पेठांचं, लष्कराचं, बरंचसं सपाट. बावधन, पाषाण, सूस ही तेव्हा टेकड्यांच्या मधली खेडी. आता शहर टेकड्यांवर चढलंय आणि सायकल खाली राहिली. मुलाच्या सोसायटीतून बाहेर पडलं की डावीकडं चढ, उजवीकडं उतार, समोर टेकडी. सरळ असं काही नाहीच.

वॉचमनला, दुकानदाराला, लिफ्टमध्ये भेटेल त्याला मी विचारलं की पाषाणला जायचा सोपा रस्ता कुठला. सगळ्यांनी एकच सांगितलं, मोठ्या रस्त्यानं जा, दहा मिनिटं. त्यांची दहा मिनिटं गाडीची. मोठा रस्ता चार किलोमीटर. त्यात दोन दमदार उंचवटे, आणि चांदणी चौकाकडून येणारी वाहनं अंगाला वारा लावून जायची. पहिल्या उंचवट्यावर मी गिअर बदलला, दुसऱ्यावर उतरलो आणि ढकलत नेली. पाय शाबूत होते, पण मागून हॉर्न वाजला की डब्याकडं हात जायचा. चाळीस मिनिटं लागली. भाकरी कोमट.

नातवानं फोनवरच्या नकाशात आणखी जवळचा रस्ता काढून दिला. नकाशात तो दोरीसारखा सरळ होता. जाऊन बघितलं तर मधी टेकडीच्या अंगाला पायऱ्या. सायकल खांद्यावर घ्यायचं वय तेरच्या शाळेबरोबर संपलं. नकाशाला अंतर कळतं. चढ कळायला पाय लागतात.

तेव्हा मी रस्ता माणसांना विचारायचं सोडून पाण्याला विचारायचं ठरवलं. हे मला १९७२ साली शिकवलेलं आहे.

बहात्तरच्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. आमचा सगळा जिल्हा कामावर होता. कुठं खडी फोडायची, कुठं पाझर तलाव, कुठं बांधबंदिस्ती. खायला सुकडी आणि बाहेरून आलेली लाल मिलो. मी लहान म्हणून मला टिकाव दिला नाही. बांधाची आखणी करणाऱ्या साहेबाजवळ आकड्यांची उंच पट्टी धरून उभं राहायचं काम दिलं. साहेब तिकडं तीन पायांच्या दुर्बिणीतून बघायचे आणि हातानं खूण करायचे, वर सरक, खाली सरक. मी सरकायचो, थांबायचो, तिथं चुन्याचा ठिपका पडायचा. संध्याकाळी ठिपके जोडले की माळावर एक वाकडीतिकडी रेघ दिसायची. मला वाटायचं साहेबाला सरळ रेघ काढता येत नाही. एक दिवस धाडस करून विचारलं. ते म्हणाले, "ही रेघ वाकडी दिसते, पण हिच्यावर पाणी ओतलं तर ते कुठंच जाणार नाही. हिच्यावरनं चाललास तर ना चढ लागेल ना उतार." मी खरंच चालून बघितलं. टेकाडाला वळसा घालत, घळीत आत जात, पुन्हा बाहेर येत. लांब पडलं, पण दम लागला नाही.

आमच्या भागात हे ज्याला कळलं होतं तो दुसरा म्हणजे बार्शी लाईट रेल्वेवाला. अडीच फुटी रुळांची ती गाडी कुर्डुवाडीवरून बार्शी, येडशी, ढोकी करत लातूरला जायची. येडशीच्या रामलिंगाच्या घाटात ती डोंगराच्या अंगाअंगानं वळत यायची. रेल्वेला चढ सोसत नाही, म्हणून तिचा रस्ता पाण्याच्या जवळ असतो. वडील म्हणायचे, आगीनगाडी आणि बैल, दोघं आळशी. त्यांची वाट धरावी.

तर मी सोसायटीच्या मागच्या बाजूला गेलो आणि पावसाचं पाणी कुठून उतरतं ते बघितलं. ऑक्टोबर होता, गटाराच्या तोंडाशी गाळ अजून ओला होता. गाळाची शेपटी कुठल्या दिशेला निमुळती झाली आहे ते बघायचं, म्हणजे पाणी तिकडं गेलं. तिकडं गेलो तर ओढा. त्याला आता भिंती घातल्या आहेत, पण ओढा तो ओढाच. ओढ्याच्या खालच्या अंगाला रामनदी. ही नदी खाटपेवाडीच्या बाजूला उगवते, भुकूम, भूगाव, बावधन करत पाषाणच्या तलावात येते, आणि तलावातून निघून सोमेश्वरवाडी, बाणेर, औंध अशी पुढं मुळेला मिळते. म्हणजे मुलाचं घर नदीच्या वरच्या अंगाला आणि केंद्र खालच्या अंगाला. नदी कुठंच चढत नाही. मग तिच्या कडेनं गेलेल्या माणसाला चढ कशाला लागेल?

शिवाय बावधन आणि पाषाण ही जुनी गावं. दोन जुनी गावं शेजारी असली की त्यांच्यात बैलगाडीची वाट असणारच, आणि ती वाट कुणी शहाण्यानं आखलेली नसते, ती बैलांनी आखलेली असते. बावधनच्या गावठाणात देवळाजवळ एक म्हातारी भाजी विकत बसते. तिच्याकडून मेथी घेतली आणि विचारलं, पूर्वी पाषाणला कसं जायचा?

"आम्ही व्हय? आम्ही तळ्याच्या अंगानं जायचो. डोईवर पाटी असायची बाबा, डोंगर कोण चढंल?"

चार दिवस सकाळी सहाला सायकल घेऊन हेच केलं. एक जुगाडही केला. पाण्याची बाटली निम्मी भरून दांडीला आडवी बांधली. गवंडी नळीत पाणी घालून पातळी बघतो तसंच हे. बाटलीतलं पाणी मागं सरकलं की चढ आहे. डोळा फसतो, दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या की चढ सपाट वाटतो. पाणी फसत नाही. सोसायटीतले फिरायला निघालेले लोक बाटलीकडं बघायचे. एका बाईंनी विचारलं, "काका, हे पाणी पिता का?" मी म्हणालो, नाही, वाचतो.

रस्ता सलग मिळाला नाही. नदी सलग आहे, तिच्या कडेची जमीन कुणाकुणाची आहे. कुठं पत्र्याचं कुंपण, कुठं इमारतीची भिंत, कुठं सरकारी हद्द. तिथं आत पाऊल टाकायचं नाही. मग मागं फिरायचं आणि एक गल्ली वर जाऊन पुन्हा खाली यायचं. अगदी घळीला वळसा घालावा तसं. एका ठिकाणी मात्र अडलंच. दोन गल्ल्यांच्या मधी एक सोसायटी आडवी पडली होती. तिच्यातून शंभर पावलं गेलं की पलीकडं जुनी वाट लागत होती, आणि बाहेरून जायचं तर पुन्हा मोठा रस्ता. गेटावर वॉचमन. पाटी लावलेली, बाहेरच्यांना प्रवेश नाही.

मी त्याला म्हणालो, "दादा, एवढं पलीकडं जाऊ देता का? डबा न्यायचाय."

त्यानं माझ्या टोपीकडं बघितलं. "मामा, कुठलं गाव?"

"ढोकीच्या जवळ."

"मग गाववालेच की. मी अहमदपूरकडचा."

पुण्यात टेकडीवर बांधलेल्या निम्म्या इमारतींच्या गेटावर आमचा मराठवाडा उभा आहे. पाऊस तिकडं चुकतो आणि माणसं इकडं येतात. त्यानं सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारलं, सेक्रेटरी भला माणूस निघाला, बारा ते दोनच्या मधी सायकलवाल्या मामांना जाऊ द्या म्हणाला. मागच्या छोट्या गेटाची कडी काढली की समोर चिंचेचं झाड. जुनं, दोघांच्या कवेत न मावणारं. अशी चिंच दिसली की समजायचं, इथून वाट होती. आपल्या बापजाद्यांनी बांधाला बाभळ ठेवली आणि वाटेला चिंच.

अशी वाट झाली. सव्वाचार किलोमीटर. मोठ्या रस्त्यापेक्षा पावभर लांब, पण बावीस मिनिटांत मी केंद्राच्या दारात. जाताना जवळजवळ सगळा हलका उतार, शंभर फुटांना दोन-तीन फूट, पायंडल नुसतं टेकवून ठेवायचं. येताना तोच चढ. पण येताना डबा रिकामा असतो आणि घाई नसते. भरलेलं खाली न्यायचं आणि रिकामं वर आणायचं, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही.

आणि वाट चांगली होती. आधी गल्ली, गल्लीत शेवग्याची झाडं. मग वॉचमनचं गेट, चिंच. मग एक तुकडा असा की तिथं अजून कुणाचं तरी शेत शिल्लक आहे, दोन म्हशी, कडब्याची गंज, शेणाचा वास. मग करंजांची सावली. मग तलाव. पाषाणचा तलाव इंग्रजांच्या काळात बांधलेला. आता त्यात जलपर्णी माजली आहे, पण पाखरं आहेत. हळदीकुंकू बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या, शेकाटे, आणि कडेला ध्यान लावून बसलेला वंचक. तलावाच्या कडेच्या पायवाटेवर मी सायकल हातात धरून चालायचो. तिथं माणसं पाखरं बघायला येतात, त्यांच्या मधी घंटी वाजवणं बरं दिसत नाही.

नदीबद्दल एक सांगायचं राहिलं. पाण्याला वास येतो. वरच्या सगळ्या वस्तीचं सांडपाणी त्यात. पहिल्या दिवशी मी नाकाला टोपी लावली. मग डोक्यात आलं, हे पाणी जातं कुठं? रामनदी मुळेत, मुळा मुठेला मिळून भीमेत, भीमा उजनीत. आणि उजनीतून पाइपलाइननं धाराशिवला. माझी थोरली लेक धाराशिवला असते, तिच्या नळाला उजनीचं पाणी येतं. मधी गाळतात, शुद्ध करतात, ते खरं. पण सासूच्या घरची घाण सुनेच्या ताटात, असला हा प्रकार. नाकाची टोपी मी काढली. आपल्याच पाण्याला कुठवर नाक धरणार?

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

केंद्रात बोलणं शिकवायला एक मुलगी यायची, वयानं माझ्या नातीएवढी. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजोबा, आजींचे शब्द गेलेले नाहीत. आत आहेत. तोंडापर्यंत यायला अडतात. तुम्ही त्यांना परीक्षा घेतल्यासारखं विचारू नका. त्यांच्या ओळखीच्या गोष्टी सावकाश सांगत जा. वस्तू हातात द्या."

मी तसा कमी बोलणारा. चाळीस वर्षं आमच्या घरात बोलायचं काम तिचं होतं, मी हुं म्हणायचो. आता उलटं झालं. समोर बसून घास भरवायचा आणि बोलायचं. काय बोलायचं? गावाकडचं सांगितलं तर सोयाबीन भिजलं, भाव पडला, असलंच. ते ऐकून तिचे डोळे भरायचे. मग मी वाट सांगायला लागलो. आज म्हशीला रेडकू झालं. आज वंचकानं मासा धरला आणि तो निसटला. आज गल्लीतल्या शेवग्याला शेंगा लागल्या. मोठ्या रस्त्यानं आलो असतो तर सांगायला काय होतं? ट्रक?

वाटेवरून रोज काहीतरी खिशात घालून न्यायचो. करंजाची शेंग. उंबर. आघाड्याची काडी. ती डाव्या हातात घ्यायची, फिरवून बघायची, नाकाला लावायची. "हाय की," म्हणायची.

अकराव्या का बाराव्या दिवशी तलावाच्या वरच्या अंगाला तरवड फुललेला दिसला. चार फुलं नेली. तिनं ती मांडीवर ठेवली. बराच वेळ तोंड हलत होतं, कपाळाला आठ्या. मी घास हातात धरून थांबलो होतो. आणि ती म्हणाली, "घट."

तरवड म्हणाली नाही. घट म्हणाली. आमच्याकडं नवरात्रात घटाला तरवडाच्या फुलांची माळ घालतात. त्या वर्षी आमच्या घरात घट बसलेच नव्हते, आम्ही दवाखान्यात होतो. मी त्या मुलीला सांगितलं तर तिला फार आनंद झाला. ती म्हणाली, हे असंच येतं, शेजारचा शब्द आधी येतो. मला एवढं शास्त्र कळत नाही. पण पोरीचं खरं निघालं. उंबर दिलं तर "दत्त" म्हणाली. आघाड्याला "गणपती". शेणाचा वास शर्टाला लागला होता त्या दिवशी "धार" म्हणाली आणि उजव्या हाताकडं बघत बसली. त्या दिवशी घास उतरला नाही. मीही जास्त बोललो नाही. डबा तसाच परत आणला. येतानाचा चढ त्या दिवशी मला चालतच चढावा लागला.

नोव्हेंबरात भावाचा फोन आला, ज्वारी उगवून वर आली म्हणून. तिला सांगितलं तर तिनं बोट वर केली, चार. मला कळेना. चार एकर पेरली का, असं विचारायचं होतं तिला. तीनच पेरली होती, बी कमी पडलं. ती रागावली. तो राग बघून मला किती बरं वाटलं, ते कुणाला सांगता येणार नाही.

चिंचेचं मात्र तिनं धरूनच ठेवलं. चिंच आहे म्हटल्यापासून रोज डावा हात पुढं. आणा. आता ती चिंच सोसायटीची. मला जाऊ देतात हीच मेहरबानी, वर झाडाला हात लावायचा म्हणजे जास्त होतं. मी तिला सांगायचो, फार उंच आहे गं, फांदी माझ्या हाताला लागत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिला सोडलं. चार पायांची काठी धरून ती चालत गाडीपर्यंत आली, एक पाय ओढत. मुलगा गाडी चालवत होता, ती पुढं, मी मागं. मोठा रस्ता लागल्यावर तिनं काचेवर बोट ठोकलं.

"तिकडनं."

"आई, तिकडनं गाडी जात नाही. बाबांची सायकलची वाट आहे ती."

"तिकडनं," ती म्हणाली.

मुलानं नाइलाजानं जमेल तेवढं आत घेतलं आणि त्या सोसायटीच्या पुढच्या गेटापाशी थांबवलं. वॉचमन धावत आला. "मामी आल्या का?" त्यानं गेट उघडलं. आम्ही तिला धरून त्या शंभर पावलांमधून नेलं, त्याला वीस मिनिटं लागली. मागच्या गेटाची कडी काढली. चिंचेला हिरव्या शेंगा लटकल्या होत्या. ती काठीवर रेलून उभी राहिली. खालच्या फांदीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"कुठं उंच हाय?" ती म्हणाली. "हात पुरतुय की."

वॉचमननं तिच्यासाठी खुर्ची आणली.